सावलीशी सुलह

घिवलीहून बोईसरच्या कॉम्प्युटर क्लासला आम्ही दोघे भाऊ जायचो. सर बाहेर गेले की 'प्रिन्स ऑफ पर्शिया' सुरू! जॉर्डन मेकनरचा १९८९ चा खेळ. धाकट्या भावाला पळायला लावून, त्याचे चित्रीकरण करून त्याने राजपुत्राची चाल घेतली होती. १२ टप्पे, ६० मिनिटे. तळघरात टोकदार सळ्या, निसटणाऱ्या फरशा, पाय पडताच उघडणारे दरवाजे. दास्तानमधला तिलिस्मच! भाई बटणे दाबी, वाट आम्ही लक्षात ठेवायची.

अखेरीस आरशातून निघालेली आपलीच सावली तलवार उपसून उभी. तिच्यावर वार केला की जीव आपलाच कमी होई. कितीदा मेलो! एके दिवशी भाईने तलवार म्यान केली, सरळ पुढे गेला. सावली राजपुत्रात मिसळून गेली.

पुढे घराच्या वाटणीवरून आम्ही दोन वर्षे अबोला धरला. गेल्या रमजानमध्ये वर्गात हे कोडे घातले. एका मुलाने विचारले, "सर, तलवार आधी कुणी ठेवायची?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

इफ्तारच्या वेळी खजूर घेऊन भाईच्या दारात उभे राहिलो. तो एवढेच म्हणाला, "वाट लक्षात होती तर!"