खोबरेल गोठलं की

दर डिसेंबरात मराठी पेपरांत एक छोटी चौकट येते: निफाडचा पारा घसरला. आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. पाच अंश, सहा अंश, एखाद्या वर्षी त्याहूनही खाली. सोबत शेकोटीचा फोटो. आमच्या घरी मात्र थंडीची नोंद पेपरच्या आधी होते, बाथरूमच्या खिडकीतल्या खोबरेलाच्या बाटलीत. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं. आधी तळाशी ढग दिसतो, मग पांढरा गड्डा होतो आणि एके सकाळी आई बाटली गरम पाण्याच्या बादलीत उभी करते. त्या दिवसापासून माझी कातडी बदलते.

हे मी लाक्षणिक अर्थाने म्हणत नाहीये. मला इक्थिओसिस व्हल्गॅरिस आहे. ग्रीक भाषेत इक्थिस म्हणजे मासा. नडग्यांवर, पोटऱ्यांवर, हातांच्या बाहेरच्या बाजूला बारीक, चौकोनी, राखाडी खवले येतात. तळ सुकल्यावर चिखलाला भेगा पडतात ना, तसं दिसतं. चेहरा बहुतेक वाचतो. कोपराची आतली घडी आणि गुडघ्याची मागची बाजू बारा महिने मऊ असते. हा आजार साधारण अडीचशे माणसांत एकाला असतो म्हणतात. त्या हिशेबाने आमच्या आठशे पोरांच्या शाळेत आणखी दोघं-तिघं असायला हवीत, पण ती मला कधी दिसली नाहीत. फुल पॅन्टीत असणार. आम्हा मुलींना सातवीपर्यंत स्कर्ट होता. आठवीच्या पंजाबी ड्रेसची मी जितकी वाट पाहिली, तितकी दहावीच्या निकालाचीही पाहिली नाही.

आणखी एक खूण तळहातावर असते. या आजारात हातावर रेषांची गर्दी होते. लहानपणी गावात आलेल्या एका ज्योतिषाने माझा हात बघून 'मुलगी फार विचार करणारी आहे' असं सांगितलं होतं आणि आईने त्याला वर अकरा रुपये दिले होते. तसाच हात नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा आहे. त्यांना कुणी विचारी म्हटल्याचं मला आठवत नाही.

कारण साधं आहे. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात फिलाग्रिन नावाचं प्रथिन लागतं. ते पेशींचा थर घट्ट बांधतं आणि नंतर स्वतः मोडून त्यातून पाणी धरून ठेवणारे पदार्थ तयार होतात. आमच्याकडे त्याचा जीन बिघडलेला आहे. हे २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी शोधलं. म्हणजे मी प्राथमिक शाळेत 'पाल' या नावाने ओळखली जात होते, साधारण तेव्हाच. पाणी धरता येत नसल्यामुळे आम्ही हवेवर अवलंबून. तीस अंशांची दमट हवा एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त तीसेक ग्रॅम वाफ धरू शकते, सहा अंशांची सातच. निफाडच्या डिसेंबरात हवेकडेच काही नसतं, ती मला काय देणार?

मुंबईला नोकरीसाठी आले तो जून होता. जुलैच्या शेवटी मी लोकलमध्ये बसले होते आणि ओढणी सरकली तेव्हा माझा हात मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. गुळगुळीत. मी त्यावरून बोट फिरवत वाशी ते कुर्ला आले. रूमवरच्या मुली पावसाला शिव्या घालत होत्या. केस वाळत नाहीत, टाळू चिकट होते, आंघोळीनंतर मूठभर केस हातात येतात, चेहऱ्यावर पुरळ. मी शिव्यांत सामील व्हायचे, पण मनातून नाही. केस माझेही गळत होते. गळू देत की. त्यांचे फोन 'विंटर रुटीन'च्या रील्सनी भरायचे तेव्हा मला हसू यायचं. मुंबईत जेमतेम दहा दिवस थंडी असते आणि त्यासाठी काचेसारखी त्वचा करायची म्हणे दहा बाटल्यांत.

माझं रुटीन कंटाळवाणं आहे, तरी सांगते, कारण कुणाच्या तरी कामाला येईल. दिवाळीनंतर अंगाला साबण फक्त काखेत, जांघेत आणि पावलांना. पाणी कोमट, कढत पाण्याने बरं वाटतं, पण ते उरलंसुरलं तेलही घेऊन जातं. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, टिपायचं. आणि मग अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, क्रीम. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी मला युरिया दहा टक्के दिलं. युरिया पाणी धरतो आणि खवले मऊ करतो, पण भेग पडली असेल तिथे मिरची लागल्यासारखा झोंबतो. म्हणून भेगांवर आधी पेट्रोलियम जेली, युरिया आजूबाजूला. टाचांना वेंगुर्ल्याच्या रूममेटने आणून दिलेलं मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल; दिव्याजवळ धरून विरघळवायचं. डोक्यात कोंडा धरतो, तेव्हा रात्री तेल, सकाळी शाम्पू, आणि गावी बोअरचं जड पाणी असतं म्हणून शेवटचा तांब्या टाकीत साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा. उन्हाळ्यात वेगळीच गंमत: मला घाम कमी येतो. लोकांना हेवा वाटतो, पण घाम आला नाही की अंग आतून तापतं. एप्रिलमध्ये ओलं फडकं मानेवर घेऊन बसावं लागतं. तेव्हा जाड क्रीम बंद, नुसतं पातळ लोशन. जूनमध्ये तेही अर्धं.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ऋतुचर्येचा एक पूर्ण अध्याय आहे, त्यात हेमंत ऋतूत अंगाला तेल लावायला सांगितलंय. नरकचतुर्दशीचं अभ्यंग आपण एक दिवस करतो आणि सोडून देतो. माझी आई मला ते होळीपर्यंत करायची. पहाटे, तिळाचं तेल, चुलीपुढे. तिने वाग्भट वाचलेला नाही. लग्नानंतरच्या पहिल्या मार्गशीर्षात तिने नानांचे पाय बघितले होते, तिचं शिक्षण तिथे झालं.

नाना काहीच लावायचे नाहीत. द्राक्षबागायतदाराला हिवाळ्यात स्वतःकडे बघायला वेळ नसतो. पहाटे चारला पाला पेटवून बागेत धूर करायचा, ठिबक चालू करायचं, कारण पारा फार उतरला की मणी तडकतात आणि तडकलेला मणी कुणी घेत नाही. द्राक्षाच्या सालीबद्दल ते रात्र-रात्र बोलू शकतात. मी पहिल्यांदा क्रीमची ट्यूब घरी नेली तेव्हा त्यांनी चष्मा लावून मागचं वाचलं.

"युरिया? आपला तोच?"

"तोच."

"केवढ्याची?"

"साडेतीनशे. शंभर ग्रॅम."

"पंचेचाळीस किलोची गोणी दोनशे सहासष्ट रुपयांना येते, बाई."

मग बराच वेळ ते एकटेच हसत होते. पण रात्री त्यांनी पाय पुढे केले. मी नडगीपासून घोट्यापर्यंत लावलं. खवले इतके जाड होते की क्रीम आधी वरच थांबलं. आठ दिवसांनी फोनवर म्हणाले, "वरखत लागू पडलंय." तेव्हापासून आमच्या घरात क्रीमला वरखत म्हणतात. साठाव्या वर्षी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा थंडीत हाफ चड्डी घातली.

आता मुद्द्याचं. माझं वय सत्तावीस. स्थळं येतात. आमच्याकडे बघण्याचे कार्यक्रम तुळशीच्या लग्नानंतर जोरात असतात, पण आईने माझा पहिला कार्यक्रम जुलैत ठेवला. पाहुणे म्हणाले, चातुर्मासात कसं? आई म्हणाली, "लग्न नसतं हो, बघायला कुठे मनाई आहे?" तिचं खरं पंचांग मला आणि नानांना माहीत होतं. पाऊस धो-धो पडत होता, माझे हात तुकतुकीत होते, मी पोहे दिले. मुलगा पुण्याचा, बोलायला चांगला. दोन महिने आम्ही रोज फोनवर बोलत होतो आणि मला तो आवडायला लागला होता. साखरपुडा ठरायच्या आधी, सप्टेंबरात, मी त्याला सगळं सांगितलं. नडग्यांचे मागच्या जानेवारीतले फोटो पाठवले. निळ्या टिका आल्या. बऱ्याच वेळाने त्याने दोन प्रश्न विचारले: दुखतं का, आणि मुलांना होईल का.

पहिल्याचं उत्तर, भेगा पडल्या तर. दुसऱ्याचं मी डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेवलं होतं: प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. नाणं टाकल्यासारखी. कमी-जास्त किती होईल ते सांगता येत नाही, आणि त्याने कुणी मरत नाही.

चार दिवस तो काही बोलला नाही. पाचव्या दिवशी त्याच्या आईचा माझ्या आईला फोन आला. आवाज चढलेला नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, की मुलगी आधी दाखवली ती अशी आणि नंतर तशी, हे कसं. आई म्हणाली, "ऋतू बदलतो ना हो." ते स्थळ तिथे संपलं.

मला त्या मुलाचा राग येत नाही. निम्मी शक्यता हा आकडा मी स्वतः किती रात्री मोजलाय. माझं मूल आठवीची वाट बघत बसेल का, हा प्रश्न त्याच्याआधी मला पडलेला आहे. पण नानांचे पाय हातात घेतले की वाटतं, या माणसाला आजीने जन्म देऊ नये, असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटतात. यातून मला वाट सापडलेली नाही.

आई पुन्हा पुढच्या पावसाळ्याचं बोलायला लागली. नाना जेवत होते. म्हणाले, "डिसेंबरात बोलाव."

"डिसेंबरात? तुमच्या बागेची घाई, वर ती थंडी."

"व्यापारी माल बघायला थंडीतच येतो ना? तेव्हाच कळतं त्याला, काय घेतोय ते."

मी मुलगी आहे, माल नाही, असं मी त्यांना ऐकवलं. ते म्हणाले, खरंय, चुकलं, पण डिसेंबरातच बोलाव.

तिसऱ्या रविवारी येवल्याचे लोक येणार आहेत. मुलाला फोनवर सगळं सांगून झालंय. तो म्हणाला, येतो, बघतो, बोलू. रजा मिळाली आहे. काल आईने विचारलं, ब्लाउजच्या बाह्या मनगटापर्यंत शिवायला टाकू का. मी कोपरापर्यंत सांगितल्या. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "थंडी वाजेल गं."