बंदर सरकते, मुलूख राहतो

बोदवडहून मुंबईचा समुद्र रेल्वेने साडेचारशे किलोमीटरांहून अधिक लांब आहे. इथल्या बोलण्यात कापसाचा भाव येतो, पाण्याची टंचाई येते. भरती-ओहोटी येत नाही. तेव्हा एखाद्या प्राचीन बंदराच्या अवशेषांशी आपला काय संबंध, असे इथे कोणी विचारले तर त्यात गैर काही नाही. माझे म्हणणे मात्र असे की मोडलेल्या बंदराचा इतिहास नुसता किनाऱ्यावर उभे राहून समजत नाही, तो आतल्या मुलखातून वाचावा लागतो. बंदर उभे राहते ते मुलखाच्या पिकावर आणि कारागिरीवर. खाडी गाळाने भरली किंवा राजाने वाट अडवली, तर ते चार कोस पुढे-मागे सरकते. मुलूख जागचा हलत नाही. म्हणून बंदराच्या पडक्या भिंतींवर जितका कोकणचा हक्क आहे तितकाच देशाचा आणि खानदेशाचाही आहे, आणि त्या हक्काबरोबर येणारी जबाबदारीही आहे.

सोपारा हे याचे आपल्या घरचे उदाहरण. आज पालघर जिल्ह्यात वसई-विरारच्या दाट वस्तीत जे नालासोपारा आहे, तेच प्राचीन शूर्पारक. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा इथे १८८२ मध्ये सापडला आणि नवव्याचा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात. पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी प्रवासाच्या मार्गदर्शिकेत कल्याणच्या जोडीने सोपाऱ्याचे नाव येते. १८८२ मध्येच पंडित भगवानलाल इंद्रजींनी ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखले जाणारे टेकाड खणले आणि आत स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी होती. पेटीत तांब्याचा करंडा, त्याच्याभोवती बसवलेल्या आठ छोट्या बुद्धमूर्ती. तांब्याच्या करंड्यात चांदीचा, चांदीच्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडा. सोन्याची फुले होती, आणि इतक्या आवरणांच्या आत जपलेले होते काय, तर मातीच्या भांड्याच्या लहानलहान खापऱ्या. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे मानून त्या पूजल्या गेल्या होत्या. सोबत यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे होते. नाणे दुसऱ्या शतकातले आणि मूर्ती साधारण आठव्या-नवव्या शतकातल्या. याचा अर्थ उघड आहे. मधल्या सहाशे वर्षांत हे गाव ओस पडले नव्हते. स्तूप पुन्हा उघडून त्यात मूर्ती बसवण्याइतकी श्रद्धा आणि ऐपत असणारी माणसे तिथे नांदत होती.

ही ऐपत आली कुठून, हे सोपाऱ्याच्या मातीपेक्षा घाटावरचे दगड अधिक स्पष्ट सांगतात. कोकणातून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटात पाण्याचे एक टाके सोपाऱ्याच्या गोविंददासाने दान दिल्याचा लेख आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात एका खांबावर सोपाऱ्याच्या सातिमित या भाणकाचे, म्हणजे धर्मसूत्रे म्हणणाऱ्या भिक्षूचे, नाव कोरलेले आहे. नाशिकच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भरुकच्छ (भडोच), दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग (सोपारा) या चार ठिकाणी त्याने चौसोपी धर्मशाळा बांधल्या, विहिरी-तळी खोदली आणि काही नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, असे त्यात नोंदले आहे. नद्यांच्या यादीत दमण आणि डहाणूच्या नद्यांबरोबर तापीही आहे. बंदरातला माणूस घाटात टाके खोदतो आणि राजाचा जावई बंदरातल्या धर्मशाळेबरोबरच नद्या ओलांडण्याची सोय लावतो, हे उगाच घडत नाही. त्यांचा पैसा ज्या वाटेने येत होता, ती वाट त्यांनी राखली. बंदर, घाट आणि नदीचा उतार ही त्यांच्या लेखी एकच पेठ होती.

यावर पहिला आक्षेप असा येईल की उषवदाताची तापी ही किनाऱ्यालगतची, सुरतेकडची, खानदेशातली नव्हे. यादीतल्या शेजारच्या नद्या पाहता हे मान्य केले पाहिजे. पण ‘पेरिप्लस’ आतल्या वाटेचीही हकीकत सांगतो. भडोचहून दक्षिणेकडे वीस दिवसांवर पैठण, त्याच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर म्हणजे आजचे तेर, आणि तिथला माल गाड्यांतून दुर्गम मुलूख ओलांडून भडोचला उतरतो, असे त्यात लिहिले आहे. पैठणहून भडोचकडे निघालेल्या गाडीला सातमाळ्याची रांग उतरून तापीचे खोरे पार करावेच लागते. या रांगेतच, चाळीसगाव आणि कन्नडच्या मध्ये, पितळखोऱ्याची लेणी आहेत आणि तिथल्या दानलेखांत पैठणच्या माणसांची नावे आहेत. तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशा इथे १९५४-५५ मध्ये बा. कृ. थापरांनी उत्खनन केले, तेव्हा गंगेच्या खोऱ्यातली चकचकीत काळी भांडी तिथल्या थरांत मिळाली. इतक्या लांबची भांडी इथवर येत होती, तर इथला माल बाहेर जाण्याची वाटही होती. ‘पेरिप्लस’मध्ये खानदेशातल्या एकाही गावाचे नाव नाही, हे खरे. पण तो ग्रंथ जहाजावरच्या माणसाने जहाजावरच्या माणसांसाठी लिहिलेला आहे. माल कुठे चढतो हे त्याने टिपले. तो कुणाच्या शिवारातून निघाला, हे टिपण्याचे त्याला कारण नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हा सगळा व्यापार अकीक, हस्तिदंत आणि मलमल यांचा, म्हणजे राजेरजवाड्यांच्या हौसेचा. त्यात शेतकऱ्याचा वाटा कोणता? उत्तर त्याच ग्रीक मजकुरात आहे. तेरहून भडोचला जाणाऱ्या मालात तलम कापडाच्या आधी साध्या कापडाचा उल्लेख येतो, आणि तोही भरपूर म्हणून. साधे जाडेभरडे कापड म्हणजे कपाशी. तिच्यामागे वेचणी आहे, सरकी काढणे आहे, घरोघरचा चरखा आणि माग आहे. जहाजाच्या तळाशी गाठोड्यांत हजारो अनाम हातांचे श्रम होते. त्या हातांनी लेख कोरले नाहीत, कारण कोरून घ्यायला लागणारा पैसा त्यांच्यापाशी उरत नव्हता. दानलेखांत नाव नसणे हा हिस्सा नसल्याचा पुरावा होत नाही. तो हिस्सा कुणाच्या पदरात पडला, एवढेच त्यावरून कळते.

तिसरा आक्षेप भूगोलाचा. बंदरे गाळाने मरतात, मग मुलखाचे कौतुक कशाला? यासाठी ग्रीकांच्याच एका नगराकडे पाहू. आजच्या तुर्कस्तानातले एफिसस हे त्या काळातल्या आशिया प्रांताचे मोठे बंदर होते. केस्ट्रोस नदीच्या गाळाने त्याची खाडी बुजत होती. अटॅलस राजाने बंदराचे तोंड बांध घालून अरुंद केले, म्हणजे पाणी खोल राहील असे त्याला वाटले. पण गाळ आतच अडकून पडला आणि दुखणे वाढले, असे प्राचीन भूगोलकार स्ट्रेबो सांगतो. तरीही तोच स्ट्रेबो पुढे म्हणतो की जागेच्या इतर सोयींमुळे हे नगर दिवसेंदिवस वाढतच आहे. रोमन सम्राट नीरोच्या काळात तिथल्या प्रांताधिपतीने बंदर साफ करवले, हेड्रियननेही त्या कामात लक्ष घातले. म्हणजे आतल्या मुलखाचा माल येत होता तोवर माणसे शतकानुशतके गाळ उपसत राहिली. आज तिथे समुद्र काही किलोमीटर मागे हटला आहे आणि संगमरवरी बंदररस्ता चिखलवट जमिनीकडे जाऊन थांबतो. पण ज्या मुलखाने एफिसस पोसले, त्याच मुलखाचा माल पुढे इझमीरच्या बंदरातून जाऊ लागला. गाळाने एक धक्का संपवला, पेठ संपवली नाही.

आपल्याकडेही तसेच झाले. सोपाऱ्यानंतर ठाणे आणि चौल गाजले. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, मग मुंबई वाढली, १९८९ मध्ये न्हावा शेवा सुरू झाले आणि २०२४ मध्ये वाढवणच्या बंदराची पायाभरणी झाली. वाढवण आणि सोपारा एकाच पालघर जिल्ह्यात आहेत. दोन हजार वर्षांत बंदर या पट्ट्यातच वर-खाली सरकले. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात तिकडची रुई अडली, तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांना खानदेश आणि वऱ्हाडची आठवण झाली. १८६७ मध्ये भुसावळहून नागपूरपर्यंत रेल्वे पोहोचली, ती याच कापूसपट्ट्यातून, बोदवडवरून. पैठणच्या गाड्यांनी केलेले काम आगगाडीने उचलले. वाट बदलली, वाहन बदलले, बंदर बदलले; काळी जमीन आणि तिच्यातली कपाशी तीच राहिली.

हे पटले तर त्यातून एक कर्तव्य निघते. सोपाऱ्याचा स्तूप निदान संरक्षित आहे आणि तिथले करंडे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत जपलेले आहेत. आतल्या मुलखाचे अवशेष मात्र आपल्या गावांलगतच्या पांढरीच्या टेकाडांत आहेत. धाब्याच्या घरांवर टाकायला ही माती पिढ्यान्‌पिढ्या खणून नेली गेली. पूर्वी कुदळीने, टोपल्याटोपल्यांनी नेली जाई, त्यामुळे टेकाड शतके टिकले. आता जेसीबी ते दोन दिवसांत सपाट करतो. त्या मातीत निघणारी काळी-तांबडी खापरे, मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे कुणी उचलून पाहत नाही. प्रकाशा असो वा गिरणाकाठचे बहाळ, उत्खननाआधी तीही अशीच टेकाडे होती. ग्रामसभेने गावच्या टेकाडाची नोंद ठरावात घ्यावी, शाळेने सापडलेली खापरे जागा आणि तारीख लिहून जपावीत, आणि माती उचलण्याआधी पुरातत्त्व खात्याला कळवावे. याला मोठा खर्च नाही. समुद्राकाठच्या भग्न नगरांची वर्णने आपण कौतुकाने वाचतो. त्या नगरांना जगवणाऱ्या वाटेची आपल्या शिवारातली खूण मातीमोल होऊ दिली, तर अर्धा इतिहास आपणच आपल्या हाताने पुसून टाकू.