पाण्याच्या वाटेवर सायकल

बुऱ्हाणपूरला गेलेले बहुतेकजण शाही किल्ला आणि जामा मशीद पाहून परततात. आम्ही मात्र सायकली घेऊन लालबागमार्गे सातपुड्याच्या पायथ्याकडे निघालो. वाटेत विहिरीसारखी गोल तोंडे ओळीने दिसू लागतात. हाच कुंडी भंडारा! अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, १६१५ साली तो बांधला गेला. डोंगरात मुरलेले पाणी जमिनीखालच्या बोगद्यात झिरपते आणि निव्वळ उतारावर शहराकडे वाहते. ना मोट, ना पंप. बिदरची ‘सुरंग बावी’ पाहिलेल्यांना ही रचना लगेच ओळखीची वाटेल. ती तर बहामनी काळातली, याहूनही जुनी.

शहरापासून असीरगड वीसेक किलोमीटर. १६०१ मध्ये अकबराने घेतलेला हा गड. त्याच्या चढावर मी सायकल ढकलतच नेली. वरून सातपुडा पाहताना कुंडीचे गणित उमगते : डोंगरावर झाडे राहिली तरच पाणी मुरणार, मुरले तरच कुंडीत येणार. बोगद्यांत चुना साचतो आहे, भोवती बोअर वाढत आहेत. चारशे वर्षे वाहिलेले हे पाणी आपल्या पिढीत आटू नये. मुलांना मुमताजची गोष्ट जरूर सांगा. पण आधी हे पाणी दाखवा.