पिंप, फाळका आणि सुई

हॉटेले, खाणावळी, मंगल कार्यालये, मंडया आणि कार्यालये यांच्या मागच्या दाराने निघणाऱ्या कचऱ्याला व्यवहारात व्यावसायिक कचरा म्हटले जाते, आणि घराघरांतून घंटागाडीत पडणाऱ्या कचऱ्यापेक्षा तो बहुधा अधिक जड, अधिक ओला आणि उचलायला अधिक अडचणीचा असतो. घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 यांनी दिवसाला सरासरी 100 किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या आस्थापनांचा ‘बल्क जनरेटर’ असा स्वतंत्र वर्ग केला आणि हॉटेलांवर ओला-सुका कचरा वेगळा ठेवण्याची जबाबदारी टाकली. कचरा हाताळणाऱ्या कामगाराला गणवेश, चमकणारे जाकीट, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणे आणि मास्क मिळावेत, असेही त्याच नियमांनी सांगितले, व ते योग्यच होते. मात्र या यादीतील प्रत्येक वस्तू कामगाराच्या अंगावर चढवायची आहे, आणि त्याला होणारी इजा बहुतेक वेळा डब्याच्या आकाराने, गाडीच्या उंचीने आणि ठेक्याच्या अटींनी आधीच ठरवून टाकलेली असते.

वजनाचा प्रश्न सर्वांत जुना आणि सर्वांत दुर्लक्षित. भारतीय शहरांतील कचऱ्याची घनता, म्हणजे ठरावीक जागेत मावणाऱ्या कचऱ्याचे वजन, पाश्चात्त्य शहरांतील कचऱ्याच्या मानाने बरीच जास्त असते, कारण पुठ्ठा, बाटल्या आणि पत्रा वाटेतच भंगारात गेलेले असतात आणि मागे उरतो तो भाजीपाला, खरकटे व पाणी. एका घनमीटरला 400 किलो असे मध्यम प्रमाण धरले तरी 240 लिटरचा चाकांचा डबा भरल्यावर 96 किलोंचा होतो, आणि तुटक्या फरशीच्या बोळात तो एकट्याने ओढणे म्हणजे खांदा उतरवून घेणेच होय. डब्याऐवजी निळे पिंप असेल, तर परिस्थिती आणखी बिकट होते. खालचा कामगार तेलकट फरशीवर पाय रोवून पिंप प्रथम गुडघ्यावर, मग छातीवर आणि शेवटी टेम्पोच्या फाळक्यावर चढवतो, तेवढ्यात पिंपातले आंबलेले पाणी त्याच्या कोपरावरून बगलेत उतरते. वरचा कामगार कचऱ्याच्या ढिगावर, पायाखाली काय आहे हे न दिसता उभा राहून वाकतो, पिंप ओढून घेतो आणि कंबरेत वळून ते मागे रिते करतो. खरकट्याने भरलेले 60 लिटरचे पिंप सहज 35 ते 40 किलोंच्या घरात जाते. अमेरिकेतील ‘नायॉश’ या व्यावसायिक आरोग्य संशोधन संस्थेच्या सूत्रानुसार पकड चांगली, वजन अंगालगत, उंची सोयीची आणि कंबर सरळ, अशी सारी अनुकूलता असतानाही हाताने उचलण्याच्या वजनाची मर्यादा 23 किलो मानली जाते. कंबर वळली, हात लांब गेले, वारंवारता वाढली की ती झपाट्याने खाली येते. फाळक्यापाशी यांपैकी एकही अनुकूलता नसते. पिंप लहान करणे, हॉटेलाच्या दारापासून गाडीपर्यंतची फरशी सपाट ठेवणे आणि डबा उचलून उलटा करणारा हायड्रॉलिक लिफ्टर गाडीला बसवणे, हे उपाय नवे नाहीत आणि कामगाराच्या कमरेला पट्टा बांधण्यापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी आहेत.

कॉम्पॅक्टर म्हणजे कचरा दाबून भरणारी गाडी. तिच्या मागच्या बाजूला हॉपर नावाचे उघडे तोंड असते, त्यात टाकलेला कचरा लोखंडी पाते खाली येऊन आत ओढते आणि टाकीत दाबते. धोका या पात्यात आणि हॉपरच्या कडेत असतो, कारण अडकलेली पोती किंवा गुंतलेली दोरी सोडवण्यासाठी हात नेमका तिथेच जातो. 1 फेब्रुवारी 1968 रोजी अमेरिकेतील मेम्फिस शहरात पावसापासून आडोसा म्हणून कचरागाडीच्या मागच्या भागात शिरलेले एकॉल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कृष्णवर्णीय कामगार यंत्रणा अचानक सुरू झाल्याने चिरडले गेले. जुनाट गाड्यांविषयी कामगारांनी आधी केलेल्या तक्रारींकडे काणाडोळा झालेला होता. काही दिवसांतच सुमारे 1300 कामगारांनी काम बंद केले, आणि त्याच संपाला पाठिंबा देण्यासाठी त्या शहरात आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची 4 एप्रिलला हत्या झाली. इतिहासात हा संप नागरी हक्कांच्या लढ्याचा भाग म्हणून नोंदला गेला हे खरेच आहे, परंतु त्याच्या मुळाशी नादुरुस्त यंत्र आणि पावसात उभे राहायला नाकारलेली जागा होती, हे सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्याने विसरू नये. कचरागाड्यांच्या युरोपीय मानकानुसार मागच्या पायफळीवर माणूस उभा असेल तर गाडीचा वेग ताशी 30 किलोमीटरच्या पुढे जात नाही आणि गाडी मागे घेताच येत नाही, अशी व्यवस्था यंत्रातच करावी लागते. आपल्याकडे गाडी मागे घेताना पुष्कळदा मदतनिसाने पत्र्यावर मारलेली थाप हीच काय ती सूचना असते, आणि ती थाप थांबली तर तो मदतनीस कुठे आहे हे चालकाला कळत नाही.

सुरक्षाशास्त्रात उपायांची एक उतरंड मानली जाते: आधी धोकाच काढून टाकावा, ते जमत नसेल तर यंत्राने अडवावा, मग कामाची पद्धत बदलावी आणि सर्वांत शेवटी कामगाराला साधने द्यावीत. प्रत्यक्षात ही उतरंड उलटी रचली जाते, याचे एक कारण असे की हातमोजे वाटपाचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापून येते, कॉम्पॅक्टरचे पाते थांबवणाऱ्या आपत्कालीन बटणाच्या दुरुस्तीचे येत नाही. शिवाय हातमोजा म्हणजे सर्व इजांवर तोडगा, हीही गैरसमजूतच आहे. हातमोज्यांच्या प्रचलित युरोपीय मानकातील भोकचाचणी जाड टोकाच्या सळईने घेतली जाते. त्या चाचणीत वरची श्रेणी मिळवलेला मोजाही इंजेक्शनची बारीक सुई रोखेलच असे नाही. सुती विणीचा मोजा खरकट्याच्या पाण्याने अर्ध्या तासात भिजतो, आणि पिशवीची गाठ बोटांना लागत नाही म्हणून कामगार तो काढून खिशात खोचतो, यात बेशिस्तीपेक्षा कामाची गरज अधिक आहे.

सुईचा धोका मात्र खराखुरा आहे. लस न घेतलेल्या माणसाला बाधित रक्ताची सुई टोचल्यास हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता 30 टक्क्यांपर्यंत जाते, तर एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे 0.3 टक्के असते. शिवाय हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. जैववैद्यकीय कचऱ्यासाठी 1998 पासूनच स्वतंत्र नियम आणि रंगीत पिशव्या आहेत, तरीही छोट्या दवाखान्याची सिरिंज किंवा कार्यालयातल्या मधुमेही कर्मचाऱ्याची इन्सुलिनची सुई काळ्या पिशवीत सापडतेच. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची जी मोहीम चालवली, तिचे मोल यासाठी मोठे आहे की धोक्याची खूण करण्याचे काम तिने कचरा टाकणाऱ्याकडे सोपवले.

कुजणाऱ्या कचऱ्यातून हवेत मिसळणाऱ्या बुरशी-जिवाणूंच्या कणांमुळे कचरा कामगारांना होणाऱ्या पोटाच्या आणि श्वसनाच्या तक्रारींचा पद्धतशीर अभ्यास डेन्मार्कमध्ये 1990च्या दशकातच झाला. पावसाळ्यात मुंबईत त्यात लेप्टोस्पायरोसिसची भर पडते, कारण उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्याला पायावरची एक चीर पुरते.

या सगळ्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अखेर ठेक्याच्या कागदावर येऊन थांबतो. पालिकेच्या कायम कामगाराला घाणभत्ता मिळतो, लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे त्याच्या वारसाला नोकरीचा हक्कही मिळतो. धोका कमी करण्यापेक्षा त्याची भरपाई करण्याकडे असलेला व्यवस्थेचा कल त्यातून दिसतो, पण निदान भरपाई तरी असते. ठेक्यावरच्या कामगाराला बहुधा तीही नसते. कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या प्रदीर्घ लढ्यानंतर मुंबईतील 2700 कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा आदेश 2017 साली सर्वोच्च न्यायालयात टिकला, तेव्हा त्यांतील अनेकांच्या उमेदीची वर्षे सरून गेलेली होती. खेपेमागे पैसे देणारा ठेका असेल तर घाई अटळ होते आणि घाईत आपत्कालीन बटण हा अडथळा वाटू लागतो. म्हणून लिफ्टर, चालू स्थितीतील बटणे, मागे पाहण्याचा कॅमेरा आणि कामगारांच्या हजेरी चौकीवर साबण-पाणी या बाबी निविदेतच लिहून त्यांचे दर वेगळे काढून ठेवणे इष्ट आहे. लसीकरणाचेही तसेच आहे. हिपॅटायटिस बीची लस आरंभी, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी अशी तीन वेळा घ्यावी लागते. दरम्यान ठेकेदार बदलला की नवा ठेकेदार जुनी नोंद मानत नाही आणि तिसरा डोस राहून जातो. ही नोंद ठेकेदाराच्या दप्तरात न ठेवता प्रभाग कार्यालयात ठेवावी आणि तिची प्रत कामगाराच्या हाती द्यावी, एवढी तरतूद करायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.