गावाकडची वाट : कुठून आणि किती वाजता?

कोकणात गाव आणि काशीगावात घर असलेल्या माणसांना ईद, मे महिना किंवा लग्नसराई जवळ आली की एकच प्रश्न विचारला जातो, "यंदा कुठून जाणार?" आमचं गाव खेड तालुक्याच्या खाडीपट्ट्यात, जगबुडी नदीच्या काठावर. काशीगावाहून अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. हे अंतर पाच-साडेपाच तासांत पार पडतं आणि कधी कधी बारा तासही खातं. फरक गाडीमुळे पडत नाही. तुम्ही कोणती वाट धरता आणि ती किती वाजता धरता, यानं पडतो.

माझे मरहूम सासरे सांगायचे, त्यांच्या लहानपणी ही पंचाईत नव्हती. दाभोळहून बोटीत बसायचं आणि मुंबईला भाऊच्या धक्क्यावर उतरायचं. पावसाळ्यात बोटी बंद, मग प्रश्नच मिटला. पुढे एस.टी. आली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. रेल्वे आजही उत्तम. पण सुटीच्या दिवसांची तिकिटं बघता बघता संपतात आणि गुडघे दुखणाऱ्या अम्मींना (म्हणजे माझ्या सासूबाईंना) पुलाच्या पायऱ्या चढवणं हे वेगळंच संकट. शिवाय काही प्रवास असे असतात की त्यांचं आरक्षण आधी करता येत नाही. त्यामुळे आमच्या घरी गाडी आणि रस्ता.

हा रस्ता पाठ व्हावा म्हणून मी एक वही ठेवली आहे. शौहर गाडी चालवतात, मी शेजारी बसून वेळा लिहिते. काशीमीरा नाका किती वाजता सोडला, पळस्पे फाटा कधी आला, वडखळ, वाकण, माणगाव, महाड कधी. पुढे वार आणि महिना. सुरुवातीला मुलं हसायची. आता निघण्याआधी तीच विचारतात, "वही काय म्हणते?"

वही पहिली गोष्ट म्हणते ती आमच्या दारातलीच. काशीमीऱ्याला अहमदाबादकडून येणारा महामार्ग आणि घोडबंदर रस्ता एकत्र मिळतात. गुजरात आणि उरणच्या जेएनपीटी बंदरादरम्यान धावणारे कंटेनर, ट्रेलर मोठ्या संख्येनं याच घोडबंदर रस्त्यानं ठाण्याकडे जातात. गायमुखच्या चढावर एखादा भरलेला ट्रेलर बंद पडला की मागची रांग सरकतच नाही. लोक म्हणतात, रात्री निघा, रस्ता मोकळा असतो. कारसाठी मुंबईतला रस्ता रात्री मोकळा असतो हे खरं. घोडबंदरचं मात्र उलट आहे. अवजड वाहनांना दिवसा गर्दीच्या वेळी मनाई असते. तिच्या वेळा अधूनमधून बदलतात, पण तत्त्व तेच राहतं : दिवसा अडवलेले ट्रक रात्री सुटतात. आपण गर्दी टाळायला रात्री निघतो आणि नेमके त्यांच्या रांगेत उभे राहतो.

दुसरी वाट दहिसरवरून मुंबईत शिरणारी. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवर कारला टोल नाही, तरी दिवसा दहिसरला गाड्या तुंबतातच. मध्यरात्रीनंतर मात्र पश्चिम द्रुतगती मार्ग सुसाट. पुढे सायनहून वाशीमार्गे पनवेल, किंवा शिवडीहून अटल सेतू. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला हा पूल जवळपास २२ किलोमीटरचा आहे आणि कारला एका बाजूचा टोल सुरुवातीपासून २५० रुपये. पैसे जातात, पण पुलावर सिग्नल नाही, रिक्षा-दुचाकी नाहीत. चिर्ल्याला उतरल्यावर पळस्प्यापर्यंत बंदराचे कंटेनर भेटतात, पण तो पट्टा लहान आहे आणि रस्ता रुंद.

खरी परीक्षा पळस्प्याच्या पुढे. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हा माझा थोरला मुलगा बालवाडीत होता. आज तो कॉलेजात आहे आणि इंदापूर-माणगावच्या बाह्यवळणांची वाट अजून बघतो आहे. वडखळला अलिबागचा फाटा फुटतो, म्हणून शनिवारी सकाळी आणि रविवारी संध्याकाळी तिथे पर्यटकांची झुंबड. माणगावला रस्ता बाजारातून जातो, तिथे दुपार टाळावी. महाडपुढे मात्र सुख आहे. २०२३ च्या गणपतीत कशेडीच्या बोगद्याची एक बाजू हलक्या गाड्यांना खुली झाली आणि ज्या घाटात पोरं हमखास उलट्या करायची, तो आता काही मिनिटांत मागे पडतो.

पेण-वडखळ टाळायची युक्ती आम्हाला आमच्याच इमारतीतल्या गुहागरच्या शेजाऱ्यांनी शिकवली. ते दरवर्षी गणपतीला जातात. पुण्याच्या एक्स्प्रेसवेनं जाऊन घाट लागण्याआधीच खोपोलीला उतरायचं, तिथून पालीमार्गे वाकणला यायचं आणि पुन्हा गोवा महामार्ग धरायचा. थोडं अंतर वाढतं, पण वडखळ आणि नागोठणे दोन्ही चुकतात. आम्ही त्यांना त्याच्या बदल्यात लोणेऱ्याचा फाटा दिला : गोरेगाव, बॅरिस्टर अंतुल्यांचं आंबेत, म्हाप्रळ, मंडणगड करत दापोलीला निघणारा. महाड-कशेडीकडे काही अडलं तर हा रस्ता हाताशी असतो. ईदच्या आणि गणपतीच्या गर्दीत एकमेकांच्या वाटा अशा उपयोगी पडतात.

याशिवाय पुणे, सातारा, कराडवरून कुंभार्ली घाटानं चिपळूणला उतरणारा रस्ता आहे. तो आमच्यासाठी दीडशेहून अधिक किलोमीटर लांबचा, म्हणून फक्त अडीअडचणीचा. ज्यांना घाई नाही त्यांनी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत गाडी चढवून मांडव्याला उतरावं, आगरदांड्याहून दिघीला आणि बागमांडल्याहून वेश्वीला पुन्हा बोटीनं खाडी ओलांडावी. मुलांना फार आवडतं. पण संपूर्ण दिवस हाताशी हवा.

हे सगळं कागदावरचं ज्ञान एका रात्री खऱ्या अर्थानं कामाला आलं. मे महिन्यातला शुक्रवार. रात्री साडेदहाला गावाहून फोन आला की अम्मींच्या थोरल्या बहिणीचा, आमच्या मोठ्या खालांचा इंतकाल झाला. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. या दोघी बहिणींनी एका पाटल्यावर बसून मासळी साफ केलेली, एका दिव्याखाली कुराण शिकलेलं. अम्मी ऐंशीला टेकलेल्या, मधुमेह, दर दोन तासांनी गाडीतून उतरावंच लागतं. त्यांना शेवटचं तोंड बघायचं होतं. गावची मंडळी म्हणाली, "तुम्ही या, आम्ही थांबतो." मय्यत ताटकळत ठेवू नये, दफन लवकर व्हावं, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. त्यात मे महिन्याचा उकाडा. फोन अम्मींनीच हातात घेतला. म्हणाल्या, "सकाळी नऊपर्यंत थांबा. मी आले तर आले. नऊच्या पुढं माझ्या बहिणीला माझ्यासाठी ठेवू नका."

फोन ठेवल्यावर घरात कोणी काही बोललं नाही. आता आमच्याकडे एक वेळ होती, ती आमच्याच माणसानं दिलेली, आणि ती हलवायची नव्हती.

थोरल्यानं मोबाइलवर नकाशा उघडला. "घोडबंदर वीस मिनिटं जवळचा दाखवतोय. लगेच निघू." त्याचं चुकत नव्हतं. साडेदहाचा नकाशा साडेदहाची गर्दी दाखवत होता. पण ट्रक अजून सुटायचे होते. शिवाय मे महिन्यातल्या शुक्रवारी मुंबईहून कोकणात जाणाऱ्या खासगी बसगाड्या आठ ते दहाच्या दरम्यान निघतात. अकरा-बाराला त्या पनवेल-पेणच्या पट्ट्यात असतात. लगेच निघालो असतो तर त्यांच्या शेपटीला लागलो असतो. पहाटे पाचला निघालो असतो तर अलिबागला निघालेल्या शनिवारच्या गाड्यांमध्ये अडकलो असतो. वहीतल्या मे महिन्याच्या पानांवर या दोन गर्दींच्या मधली फट स्पष्ट दिसत होती. पळस्पे रात्री तीनच्या सुमारास पार करायचं.

शौहर म्हणाले, "म्हणजे मला दोन तास झोपता येईल." मला हेच सर्वांत मोलाचं वाटलं. दिवसभर काम करून आलेला माणूस, दुःखाची बातमी, आणि पुढ्यात अडीचशे किलोमीटर. ते अकराला आडवे झाले. अम्मी मुसल्ल्यावर बसून यासीन पढत राहिल्या. मी त्यांच्या गोळ्या, खजूर, पाणी, बिस्किटं आणि सुती चादर भरली. दीडला गाडी काढली. मेट्रोच्या खांबांखालून महामार्गाला लागलो, दहिसर, अंधेरी, सायन आणि शिवडीवरून अटल सेतूवर. अम्मींनी पूल पहिल्यांदाच पाहिला, खिडकीबाहेर पाहत त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "आपा बोटीत फार घाबरायची."

पावणेतीनला पळस्पे. पेण, वडखळ झोपेत होतं. वाकणपुढे एका पेट्रोलपंपावर पंधरा मिनिटं थांबलो, अम्मी जरा चालल्या. माणगावचा बाजार बंद, एक चहावाला तेवढा जागा. महाडला फजर झाली. तिथल्या मशिदीत पुरुषांनी नमाज अदा केली, आम्ही दोघींनी वुजू करून बाजूच्या पडवीत. मग बोगदा, आणि साडेसातच्या आत गाव.

खालांच्या चेहऱ्यावरून चादर बाजूला झाली तेव्हा अम्मी रडल्या नाहीत. बहिणीच्या कपाळावरून एकदा हात फिरवला आणि बराच वेळ बसून राहिल्या. जनाजा नऊला उठला. कोणालाही थांबावं लागलं नाही.

त्या दिवसापासून मी वाट निवडताना "सर्वांत लवकर कुठून पोहोचू" हा प्रश्न शेवटी ठेवते. आधी विचारते, या वाटेवर वाईटात वाईट किती उशीर होऊ शकतो? घोडबंदरनं आम्ही कदाचित वीस मिनिटं आधी पोहोचलो असतो, किंवा तीन तास उशिरा. सेतूच्या वाटेनं फार तर अर्ध्या तासाचा फरक पडला असता. ज्या दिवशी कोणाला वेळ दिलेली असते, मग ते निकाह असो, दवाखाना असो की जनाजा, त्या दिवशी अंदाज देणारी वाट घ्यावी, मग ती थोडी लांबची का असेना.

दुसरं, गाडीतल्या सर्वांत अशक्त माणसाच्या हिशेबानं थांबे आधी ठरवावेत. थांबायला जागा नसलेला मोकळा रस्ता म्हाताऱ्या माणसाला गर्दीइतकाच छळतो. चालवणाऱ्याची झोपही या हिशेबात धरावी.

तिसरं, पावसाळ्यात हा सगळा हिशेब उलटा करावा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि दोन एस.टी. बसगाड्या त्यांतल्या माणसांसह नदीत गेल्या. अंधारात पुढे पूल नाही हे कोणाला दिसणार? नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला, तो भक्कम आहे. पण दरडी आहेत, पूर आहे. २०२२ मध्ये परशुराम घाट कधी कामासाठी, कधी दरडीसाठी बंद ठेवावा लागला होता. म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही उजेडातच निघतो, गर्दी लागली तरी चालेल, आणि वाटेतल्या गावच्या नातेवाइकाला फोन करून पाणी कुठवर आहे ते विचारतो.

वाचकहो, तुमचं गाव मुरूडला असेल, श्रीवर्धनला किंवा थेट सावंतवाडीला. माझ्या वहीतल्या वेळा तुम्हाला लागू पडतीलच असं नाही, आणि रस्त्याची कामं पूर्ण झाली की त्या मलाही बदलाव्या लागतील, इन्शाअल्लाह. पण येत्या प्रवासात शेजारी बसलेल्यानं मोबाइल बाजूला ठेवून चार नाक्यांच्या वेळा लिहून बघाव्यात. दोन-तीन फेऱ्यांत तुमची वाट तुम्हाला कळू लागेल. आणि परतीच्या वेळा लिहायलाही विसरू नका. ईदच्या सुटीनंतरचा रविवार जाण्यापेक्षा येण्यालाच जास्त जड असतो. आम्ही शक्यतो सोमवारी पहाटे गाव सोडतो.