नारळ फुटावा, शेजार फुटू नये

श्रावणात भाताची लावणी आटोपलेली असते, बेणणी तेवढी चालू असते आणि कोकणातल्या शेतकऱ्याला दोन दिवस पाठ टेकायला सापडतात. त्यातच नारळीपौर्णिमा येते. कोळीबांधव दर्याला नारळ देतात, घरोघर नारळीभात शिजतो आणि संध्याकाळी देवळापुढे किंवा बंदरावर नारळ लढवण्याचा खेळ रंगतो. घाटावरच्या वाचकांना हा खेळ कदाचित ठाऊक नसेल, म्हणून आधी थोडक्यात सांगतो.

दोन गडी समोरासमोर उभे राहतात. प्रत्येकाच्या हातात सोललेला नारळ. एकाने आपला नारळ घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर ठोका द्यायचा. ज्याचा फुटला तो हरला आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. एकाच टणक नारळावर पिशवीभर नारळ जिंकून घरी नेणारे बहाद्दर गावोगाव असतात. मालवणला नारळीपौर्णिमेला याच्या स्पर्धा भरतात आणि अलीकडे महिलांच्याही होतात.

इतर खेळांत साधन मोडले तर ती नुसती अडचण असते. दांडू मोडला तर दुसरा आणतात. भोवऱ्याच्या खेळात हरलेल्याच्या भोवऱ्यावर आरीचे घाव घालतात, पण तीही हरल्यानंतरची शिक्षा. नारळाच्या लढतीत मात्र फुटणे हाच निकाल. त्यामुळे फुटण्याचे नियम पक्के नसले की खेळ राहतो बाजूला आणि तंटा सुरू होतो.

रत्नागिरी तालुक्यातल्या आमच्या वाडीत काही वर्षांपूर्वी असेच झाले. शेवटची लढत दोन शेजाऱ्यांच्या मुलांमध्ये होती. ठोका बसला आणि एका नारळाला केसाएवढी चीर गेली. एक बाजू म्हणाली, "फुटला!" दुसरी म्हणाली, "तडकलाय खरा, पण फुटला कुठे? दोन भकले झाली का?" मुले भांडली, मग बाप भांडले आणि शेवटी घरच्या बायकांचे हळदीकुंकूही बंद झाले. एका नारळाची ती किंमत काय! पण या दोन्ही घरांची जमीन एकाच पऱ्याच्या दोन काठांवर आहे. दरवर्षी पाऊस सरला की दोघे मिळून दगडमातीचा कच्चा बंधारा घालत. त्या वर्षी कोणीच पहिला दगड टाकला नाही. पऱ्याचे पाणी वाहून गेले आणि माघात दोघांच्याही वालाच्या आणि भाजीच्या वाफ्यांनी माना टाकल्या. बंधारा घालण्याविषयी मी दोन्ही घरी जाऊन सांगितले, पण उत्तर एकच मिळाले: "आधी नारळाचा निकाल लावा, साहेब."

पुढच्या वर्षी पौर्णिमेच्या आठ दिवस आधी देवळात बैठक घेतली. मी शेतकी खात्यातला, नारळाची थोडीफार माहिती असलेला, म्हणून पंच म्हणून मला बसवले. वाद रात्री अकरापर्यंत चालला आणि तो ऐकण्यासारखा होता.

पहिला प्रश्न अर्थातच, फुटला कशाला म्हणायचे? तरुण मंडळींचे म्हणणे, भकले झाल्याशिवाय हार नाही. म्हाताऱ्यांचे म्हणणे, चीर दिसली की संपले. तेव्हा मागच्या बाजूला बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "अरे, नारळ बायका फोडतात. आम्हांला विचारा. पाणी सुटले की फुटला." सगळे गप्प झाले. ठरले असे, की चिरेवरून बोट फिरवावे. बोटाला ओल लागली तर फुटला, कोरडे राहिले तर आणखी एक ठोका.

त्यावर एकाने लगेच शंका काढली, "आणि आतले पाणी सुकलेला गोटा आणला तर?" शंका रास्त होती. नारळ साधारण बारा महिन्यांत पुरता पक्व होतो. पुढे ठेवून दिला की आतले पाणी आटते, खोबरे करवंटीपासून सुटते आणि त्याचा गोटा होतो. गोट्याला कितीही चीर गेली तरी ओल कुठून लागणार? म्हणून दुसरा नियम झाला: लढतीपूर्वी पंचाने नारळ कानाशी हलवून पाहावा, पाणी वाजले पाहिजे. या नियमाचा आणखी एक फायदा पुढे दिसला. एका पोराने डोळ्यातून पाणी काढून आत राळ ओतून आणली होती. हातात घेतला तर दगडासारखा जड, हलवला तर मुका! त्याला हसून बाजूला बसवला.

तिसरा वाद ठोक्याचा. पहिला ठोका ज्याचा त्याला फायदा, असे सगळे धरून चालले होते. वस्तुतः दोन नारळ आपटले की दोघांनाही सारखाच मार बसतो. मारणाऱ्याचाही नारळ फुटू शकतो. फरक पडतो तो कुठली जागा कुठे लागली यावर. निमुळत्या टोकाकडची करवंटी अधिक वळलेली असते, ती मार सोसते. मधला फुगीर भाग लवकर तडकतो. म्हणूनच घरात आपण नारळ मधोमध आडवा धरून ठोके देतो. मारणारा आपले टोक दुसऱ्याच्या पोटावर आणतो, हा त्याचा खरा फायदा. तेव्हा ठरले, की ठोके आळीपाळीने द्यावेत आणि कोणती बाजू पुढे करायची हे धरणाऱ्याने ठरवावे.

चौथा प्रश्न सर्वांत अवघड: नारळ कोणी आणायचे? मंडळाने एका पोत्यात नारळ ठेवावे आणि प्रत्येकाने डोळे मिटून एक उचलावा, असे मी सुचवले. पुष्कळांना ते रुचले नाही. आपल्याच माडाचा नारळ निवडून, ठोकून, महिनाभर जपून आणण्यात जो अभिमान आहे तो पोत्यातल्या नारळात कुठला? मला दरवर्षी विचारतात, "साहेब, लढायला कुठली जात चांगली?" आमच्याजवळच भाट्ये येथे १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे, तिथे जाती निवडतात त्या उत्पन्नासाठी, लढाईसाठी नव्हे! मी एवढेच सांगतो, जातीपेक्षा पक्वपणा पाहा. शेवटी मधला मार्ग निघाला. बक्षिसाच्या लढती पोत्यातल्या नारळांवर आणि हौसेच्या लढती घरच्या नारळांवर.

हे वाद काही आपल्याच गावात होतात असे नाही. आसामात बिहूच्या सणाला अंडी लढवतात. ज्याचे फुटले तो हरला. इंग्लंडात एका झाडाच्या टणक बिया दोरीत ओवून एकमेकांवर आपटतात. तिथे १९६५ पासून मोठी स्पर्धा भरते आणि बिया संयोजकच देतात. तरीही २०२४ साली पुरुषांत जिंकलेल्या ८२ वर्षांच्या गृहस्थांच्या खिशात पोलादाची बी सापडली आणि गहजब झाला. चौकशीअंती ते निर्दोष ठरले. साहेबाच्या देशातही पंचाला झोप नाही, हे वाचून मला बरे वाटले.

राहता राहिला फुटलेला नारळ. तो जिंकणाऱ्याचा, ही जुनी चाल सर्वांनी एकमुखाने कायम ठेवली. त्या आजींनी मात्र एक पुरवणी जोडली: शेवटच्या लढतीचे दोन्ही नारळ एकत्र खोवून त्याचा नारळीभात करावा आणि दोन्ही घरांनी एका पंगतीत बसून खावा. त्या वर्षी ते दोन शेजारी पंगतीत बसले. बोलले फारसे नाहीत, पण कार्तिकात बंधाऱ्याचे दगड रचलेले मी पाहिले.

शेतकरी बंधुभगिनींनो, ही गोष्ट नारळापुरती नाही. हल्ली चार-पाच जण मिळून पॉवर टिलर घेतात, भात झोडणीचे यंत्र घेतात, एका विहिरीवर एक पंप बसवतात. घेताना पेढे वाटतात. पण मोडला तर दुरुस्ती कोणाची, चालवणाऱ्याची की सर्वांची. नुसता आवाज करू लागला तर मोडला म्हणायचे की बंद पडल्यावर. भंगाराचे पैसे कोणाचे, हे कोणी बोलत नाही. मग ऐन लावणीत यंत्र बंद पडते आणि माणसे एकमेकांशी बोलेनाशी होतात. तेव्हा यंत्र धड असताना, मने धड असताना सर्वांनी एकत्र बसावे, चार नियम वहीत लिहावेत आणि खाली सह्या कराव्यात. बैठकीला घरच्या बायकांनाही बोलवावे. फुटणे म्हणजे काय, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळते.