मऊ पॅड, कडक पॅड आणि माझा अंगठा

गेल्या महिन्यात एक तरुण अंगठ्याच्या मुळाशी दुखतं म्हणून दवाखान्यात आला. बाटलीचं झाकण उघडताना कळ, बॅग उचलताना कळ. “सर, मोबाइलमुळे असेल का?” त्याने विचारलं. त्याच्या तर्जनीच्या कडेला घट्टा होता. मी म्हटलं, “मोबाइलचं नंतर बघू. काड्या रोज किती तास चालतात?” तो हसला. ऑर्केस्ट्रात ऑक्टापॅड वाजवत होता.

घट्टा ओळखता आला, कारण तसाच एकेकाळी माझ्या बोटावर होता.

मेडिकल कॉलेजात असताना गॅदरिंग असो की गणेशोत्सव, मी मिळेल तिथे वाजवायचो. इंटर्नशिपच्या वर्षी दहा रात्री सलग कार्यक्रम केले. तिसऱ्या रात्री मनगट दुखायला लागलं. बाम चोळला, गोळी घेतली आणि वाजवत राहिलो. पुढच्या आठवड्यात टाका घातल्यावर गाठ मारताना दोरा हातातून सुटला. समोर पेशंट होता. त्या क्षणी जी भीती वाटली ती आजही आठवते. सहा आठवडे पट्टा, एक इंजेक्शन आणि चार महिने काड्या बंद.

वाजवणं थांबलं आणि जमवणं सुरू झालं. मनात एकच विचार होता: दोष पॅडचा असणार, मनगटाला सोसेल असा पॅड शोधायचा. आज दवाखान्याच्या वरच्या खोलीत तीन पिढ्यांची वाद्यं आहेत.

सगळ्यात जुने आहेत सिमन्स एसडीएस-५ चे दोन षटकोनी पॅड. इंग्लंडमध्ये १९८१ साली आलेला हा सेट त्या दशकातल्या पाश्चात्त्य पॉप संगीतात खूप गाजला. त्याचा पृष्ठभाग पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे टेबलासारखा कडक. मनगटं दुखतात अशी तक्रार तेव्हाचे वादकच करायचे. पुढच्या मॉडेल्समध्ये कंपनीने पृष्ठभाग मऊ केला.

दुसरा आहे रोलँडचा पहिला ऑक्टापॅड, १९८५ चा ‘पॅड-८’. रबराचे आठ चौकोन, पण स्वतःचा आवाज एकही नाही! काडी पडली की तो फक्त विजेचा संदेश पाठवतो आणि आवाज जोडलेल्या दुसऱ्या यंत्रातून येतो. त्याच्या पुढच्या भावंडांमध्ये आवाजही आले. आता आपल्याकडे अशा कुठल्याही पॅडला ऑक्टापॅडच म्हणतात.

तिसरा रोलँडचाच टीडी-१०, १९९७ चा. याच्या पॅडवर रबराऐवजी ताणून बसवलेली जाळी आहे. काडी ट्रॅम्पोलिनवर पडल्यासारखी अलगद परत येते.

संग्राहक सहसा आवाजांची तुलना करतात. मी मात्र मनगटाकडे काय परत येतं ते बघतो. कडक पृष्ठभागावर काडी क्षणार्धात थांबते, त्यामुळे धक्का तीव्र असतो आणि तो काडीतून हातात येतो. रबर थोडं दबतं, म्हणून धक्का जरा सौम्य होतो. जाळी सगळ्यात जास्त दबते. खडकावर उडी मारणं आणि वाळूवर उडी मारणं, इतका तो फरक आहे.

जाळीचा सेट आला तेव्हा वाटलं, शोध संपला. पहिल्याच रात्री हेडफोन लावून अडीच तास वाजवलं. काहीच दुखलं नाही. सकाळी चहाचा कप उचलताना तीच जुनी कळ आली.

दोष पॅडचा नव्हता, माझ्या तासांचा होता. कडक पॅड निदान लवकर बजावतो. मऊ पॅडवर हात भान विसरतो.

नेमकं होतं काय? अंगठा बाजूला नेणाऱ्या आणि सरळ करणाऱ्या दोन दोऱ्या, म्हणजे टेंडन, मनगटाजवळ एका अरुंद बोगद्यातून जातात. काडी अंगठ्याने घट्ट दाबून मनगट पुन्हा पुन्हा वळवलं की तिथे घर्षण होतं, बोगद्याचं अस्तर जाड होतं आणि दोऱ्या अडखळतात. याला ‘डी क्वेर्वेन’चा आजार म्हणतात. तो फक्त वादकांचा नाही. तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आयांमध्ये तर तो नेहमी दिसतो.

घरी बघायचं असेल तर अंगठा मुठीत घ्या आणि मनगट हळूच करंगळीच्या बाजूला झुकवा. अंगठ्याच्या मुळाशी जोरात कळ आली तर शंका घ्यायला जागा आहे. जोर लावू नका. निदान डॉक्टरांनाच करू द्या.

वाजवणाऱ्यांसाठी थोडक्यात:

• काडी पडणार नाही इतकीच धरा, आवळू नका.
• दर अर्ध्या तासाने हात खाली ठेवा.
• आवाज कमी वाटला तर यंत्राचा आवाज वाढवा, फटका नको. मात्र हेडफोन असतील तर कानांचीही काळजी घ्या.
• गोळी घेऊन वाजवू नका. दुखणं दबतं, इजा वाढते.
• बोटांना मुंग्या येत असतील, विशेषतः रात्री, तर कारण वेगळं असू शकतं. लगेच दाखवा.

बहुतेकांना विश्रांती, अंगठ्याचा पट्टा आणि औषधं पुरतात. काहींना इंजेक्शन लागतं, शस्त्रक्रिया क्वचितच.

त्या तरुणाला पट्टा दिला आणि काड्या बंद करायला सांगितल्या. जाताना त्याने विचारलं, “सर, मऊ पॅड घेऊ का?” मी म्हटलं, “घे की. पण सोबत गजराचं घड्याळही घे.”

माझं घड्याळ टीडी-१० च्या शेजारीच असतं. वीस मिनिटांनी वाजतं. गाणं अर्धवट राहिलं तरी मी उठतो.